फारसीला तत्त्वज्ञान, मराठीला मातीचा वास?

मराठी वाचकाची एक गंमत आहे. इराणातला कवी झाडाबद्दल लिहितो तेव्हा आपण त्याला 'चिंतनशील' म्हणतो आणि आपला कवी झाडाबद्दल लिहितो तेव्हा त्याला 'मातीतला' म्हणतो. पहिल्याची ओळ (इंग्रजी अनुवादातली, तीही कुठल्यातरी सूर्यास्ताच्या फोटोवर चिकटवलेली) आपण गंभीर चेहऱ्याने पुढे पाठवतो. दुसऱ्याचं गाणं पावसाळ्यात लोणावळ्याला जाताना गाडीत लावतो. प्रेम दोघांवर असतं, नाही असं नाही. पण पहिला आपल्या लेखी विचार करणारा माणूस असतो आणि दुसरा नुसता ओल्या मातीचा वास घेऊन आलेला.

माझं म्हणणं सरळ आहे. हा भेदभाव आहे, तो आळसातून आलाय, आणि त्याची किंमत फक्त कवितेला मोजावी लागत नाही.

आधी इराणकडे बघू, कारण तिथल्या कवींना आपण नेमकं कशासाठी डोक्यावर घेतो ते कळलं पाहिजे. आधुनिक फारसी कविता नीमा यूशिज (१८९७-१९६०) या माणसापासून सुरू झाली असं मानतात. हा माझंदरानचा, म्हणजे कॅस्पियन समुद्राच्या बाजूच्या डोंगराळ, हिरव्या मुलखातला. त्याच्या आधीच्या फारसी कवितेत बुलबुल आणि गुलाब हे शेकडो वर्षं ठरलेलं जोडपं होतं. बुलबुल म्हणजे प्रेमिक, गुलाब म्हणजे त्याचं प्रेमपात्र, मग ते माणूस असो की ईश्वर. खरा बुलबुल बघितलाय का, ही चौकशी कवीकडे कुणी करत नसे. नीमाने आपल्या गावाकडचे पक्षी, बेडूक, जंगल, रात्र असं सगळं कवितेत आणलं, आणि तेही बोलीतल्या नावांसकट. त्याची 'दारवग' नावाची एक प्रसिद्ध कविता आहे. दारवग म्हणजे झाडावरचा बेडूक. तो ओरडला की पाऊस येतो असं तिकडचे लोक मानतात. कवितेतल्या माणसाचं शेत वाळलंय आणि तो या बेडकाकडे पावसाची चौकशी करतोय. विषय म्हणाल तर एवढाच.

आता धाराशिव जिल्ह्यातल्या (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद) कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगून बघा. तो म्हणेल, यात नवीन काय, आमच्याकडे पावशा आहे की. पावसाळ्याच्या तोंडावर पावशा ओरडायला लागतो आणि आपल्या लोकांना ते ओरडणं 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असं ऐकू येतं. नीमाच्या बेडकावर इराणी टीकाकारांनी भरपूर लिहिलं. त्यातल्या पावसाचा राजकीय अर्थ लावला, वाळलेल्या शेताला देश मानलं. आपला पावशा मात्र बालगीतात आणि पक्षीनिरीक्षकांच्या यादीत राहिला.

पण जरा थांबून बघा, या 'पेर्ते व्हा'मध्ये काय भरलंय. नीमाचा माणूस बेडकाला विचारतो, पाऊस कधी येणार? त्याला माहिती हवी आहे. पावशा माहिती देतच नाही. पाऊस येईल असं तो म्हणत नाही, तो फक्त पेरा म्हणतो! कोरडवाहू शेतकऱ्याची अख्खी परिस्थिती या दोन शब्दांत आहे. बियाणं घरातलं असेल नाहीतर उधारीवर आणलेलं असेल, ते जमिनीत टाकायचा निर्णय पुढचे तीन आठवडे कसे जाणार हे कळायच्या आधी घ्यावा लागतो. थांबलं तर ओल जाते. घाई केली आणि पावसाने ताण दिला तर दुबार पेरणी. अपुरं ज्ञान आणि तरीही कृती अटळ, या एका प्रश्नावर विसाव्या शतकातल्या युरोपियन तत्त्वज्ञांनी कपाटं भरून लिहिलंय. आपल्याकडे तो प्रश्न दरवर्षी जूनमध्ये हजारो बांधांवर उभा असतो आणि आपण त्याला 'ग्रामीण जीवनाचं चित्रण' म्हणतो.

आता सोहराब सेपेहरी (१९२८-१९८०), म्हणजे फोटोवरच्या ओळींचा खरा मालक. हा काशानचा. काशान वाळवंटाच्या कडेला आहे आणि पूर्वापार तिथलं पाणी कनातीतून येतं. कनात म्हणजे आपली तंबूची नव्हे, जमिनीखालून पाणी वाहून आणणारा बोगदा. मलिक अंबरने औरंगाबादेत बांधवलेली नहर याच घराण्यातली. सेपेहरी चित्रकार होता, जपानला जाऊन आला, भारतातही येऊन गेला, आणि बौद्ध विचारांची छाया त्याच्या कवितेवर पडलेली दिसते. त्याची मागणी एकच आहे: नजरेवर साचलेली सवयीची पुटं काढा आणि मग बघा. गवत, सफरचंद, पाणी, कावळा यांत वरखाली काही नाही, आपण लावलेली उतरंड आपली आहे. पाण्यावरच्या त्याच्या एका कवितेत तर सगळा आग्रह एवढाच की हे पाणी पुढे कुणाच्या तरी ओठांपर्यंत जाणार आहे, ते नासवू नका. सुंदर आहे. त्याला तत्त्वचिंतन म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

हरकत पुढे आहे. सेपेहरीचा 'हज्मे सब्ज' हा संग्रह १९६७ सालचा. त्याच वर्षी मराठीत ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' आला. महानोर (१९४२-२०२३) अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याचे, स्वतः शेती करणारे. योगायोगाला मी उगाच अर्थ चिकटवणार नाही. पण एकाच वर्षी दोन भाषांतले दोन कवी कोरड्या मुलखात बसून हिरव्याबद्दल लिहितात, आणि साठ वर्षांनी त्यातला एक तत्त्वज्ञ ठरतो आणि दुसरा 'रानकवी', हे कसं काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं. सेपेहरी विश्वाबद्दल बोलतो आणि महानोर आपल्या शेताबद्दल. अहो, पण हाच तर महत्त्वाचा मुद्दा आहे! सेपेहरी बघणारा आहे. वाटेने जाणारा, झाडाखाली बसणारा, चित्रकाराच्या डोळ्याने रंग टिपणारा. त्याचं तत्त्वज्ञान बघण्याचं. महानोर पेरणारे आहेत. रान त्यांच्यासमोर नसतंच, ते रानाच्या आत असतात. पीक, बाईचं शरीर, ऋतू आणि आस हे सगळं त्यांच्या कवितेत एकाच भाषेत बोलतं, उपमा देऊन जोडावं लागत नाही. माणूस इकडे आणि निसर्ग तिकडे, मध्ये कवी पूल बांधतोय, अशी रचनाच तिथे नाही. निसर्ग आणि माणूस वेगळे नाहीत असं सेपेहरी आपल्याला पटवून देतो. महानोरांना ते पटवून द्यायची गरज वाटत नाही, ते तिथून सुरुवात करतात. पटवून देणारा तेवढा तत्त्वज्ञ आणि गृहीत धरणारा भाबडा, हा हिशोब मला मान्य नाही.

बरं, ही काही १९६७ साली अचानक उगवलेली गोष्ट नाही. फारसी निसर्गकवितेच्या मागे सूफींची परंपरा आहे, त्यामुळे तिला आपोआप खोली येते असं म्हणतात. कबूल. मग आपल्या मागे काय आहे? सोलापूर जिल्ह्यात अरणला सावता माळी होऊन गेले. मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल बघणारा आणि त्यासाठी मळा सोडून पंढरीला जायची गरज नसलेला माणूस. धाराशिव जिल्ह्यात तेरला गोरोबाकाका होऊन गेले, कुंभार. चिखल तुडवता तुडवता भजनात इतके रंगले की पोटचं मूल पायाखाली आलं तरी कळलं नाही, ही त्यांची कथा प्रत्येकाने ऐकलेली असते. ती ऐकताना आपण भक्तीचा महिमा म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. पण ती भयंकर कथा आहे. माती, काम, देव आणि मूल यांतलं अंतर पुसलं गेलं की काय होऊ शकतं, हे ती न घाबरता सांगते. निसर्गाशी एकरूप होणं म्हणजे गोड वाटणारी काहीतरी अवस्था, असं मानणाऱ्या सगळ्या सुविचारांना ही एक कथा पुरून उरेल. सूफीला जग हा ईश्वराचा आरसा वाटतो. सावता आणि गोरोबा यांना आरसा नको होता, त्यांचे हातच चिखलात होते. कष्टाचं तत्त्वज्ञान हे तत्त्वज्ञान नसतं असं कुणी ठरवलं?

कुणी ठरवलं ते आपल्याच समीक्षेत दिसतं. बालकवींची (१८९०-१९१८) 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता घ्या. त्या झाडाचा अर्थ काय, विरक्त साधू की उदासी की मृत्यू, यावर मराठी समीक्षकांनी पिढ्यान्पिढ्या वाद घातला. उत्तम केलं. पण बहिणाबाई चौधरींबद्दल (१८८०-१९५१) बोलताना आपली वाक्यं कशी असतात? 'निरक्षर असूनही केवढं तत्त्वज्ञान!' हे 'असूनही' मला सलतं. औदुंबरात अर्थ शोधावा लागतो, तो तिथे असणारच असं आपण धरून चालतो. बहिणाबाईंकडे अर्थ सापडला की आपल्याला आश्चर्य वाटतं. शाबासकीची थाप आहे ती, वाचन नव्हे. प्रमाण मराठीत लिहिणारा किंवा परदेशातून अनुवादित होऊन आलेला, एवढ्यांनाच विचार करण्याचा परवाना. बाकीच्यांनी वास आणायचा, रंग आणायचा, लय आणायची.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. सेपेहरीवर त्याच्याच काळातल्या एका मोठ्या कवीने, अहमद शामलूने (१९२५-२०००), अत्यंत बोचरी टीका केली होती. तिचा आशय असा की ओढ्याच्या काठावर निरपराध माणसांचे गळे कापले जात असताना, थोडं खाली उभं राहून पाणी गढूळ करू नका असं सांगणं हा काय प्रकार आहे? इराण तेव्हा शाहच्या राजवटीत होता, तुरुंग भरलेले होते. या टीकेची मराठी आवृत्ती तुम्हीही ऐकली असेल. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या करतायत, एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि तुम्ही कसल्या झाडापानांच्या कविता घेऊन बसलाय?

या टीकेला मी दोन उत्तरं देतो. पहिलं असं की शामलूचा आक्षेप बघणाऱ्याला लागू पडतो, पेरणाऱ्याला नाही. ज्याचं स्वतःचं पीक जळतंय त्याने पाण्याबद्दल लिहिलं तर ती पळवाट कशी? महानोर दोन वेळा विधान परिषदेवर होते आणि तिथेही शेती आणि पाणी हेच बोलत होते. जलसंधारण हा त्यांच्या कवितेपासून वेगळा विषय नव्हता. फोरुग फारुखजादनेही (मृत्यू १९६७, हेही तेच वर्ष) घराच्या अंगणातली बाग मरत चालली आहे आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या तंद्रीत आहे, अशी कविता लिहिलीच की. तिला कुणी पलायनवादी म्हणायची हिंमत करत नाही.

दुसरं उत्तर असं की हा आक्षेप घेणारे लोकही निसर्गकविता म्हणजे हिरवळ, पक्षी आणि प्रसन्नता असंच धरून चालतात. लोणावळावाल्यांचा आणि यांचा शब्दकोश एकच. धाराशिवमध्ये निसर्ग म्हणजे काय ते बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात लातूरबरोबर याच जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त झाली. ज्या जमिनीवर रब्बीची ज्वारी येते त्याच जमिनीने माणसं घेतली. त्यानंतर दुष्काळ आले, २०१२, २०१४, २०१५. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा-भूम भागात इतकं पाणी आलं की लोकांना वाचवायला हेलिकॉप्टर लागलं, आणि नुसतं पीकच नाही तर खालची मातीसुद्धा खरडून गेली. ज्या जिल्ह्याला आपण टँकरमुळे ओळखत होतो तिथे ही अवस्था. पावशाचं ऐकून पेरलेलं पाण्याने नेलं. अशा ठिकाणी निसर्गाबद्दल कविता लिहिणं म्हणजे भरवसा या शब्दाचा अर्थ तपासणं आहे. याला तत्त्वज्ञान नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

यात आणखी एक विनोद आहे. ज्या फारसीकडे आपण लांबून, आदराने, इंग्रजीच्या चष्म्यातून बघतो, ती धाराशिवच्या शेतकऱ्याच्या तोंडात आहे. जमीन फारसी. हंगाम फारसी. खरीप आणि रब्बी अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. मूळ अर्थ शरद आणि वसंत. जिराईत, बागाईत तिकडचेच. दर दुष्काळात वर्तमानपत्रं 'शेतकरी हवालदिल' असं छापतात, त्यातला 'दिल' कुठला ते सांगायला नको. नळदुर्गला बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातला, म्हणजे चारशे वर्षं जुना. नदी भरून वाहायला लागली की डोक्यावरून पाणी जातं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. पाण्याकडे पाण्याच्या आतून बघायची सोय दरबाराने केलेली होती. फारसी आपल्याला परकी नव्हतीच. माधव जूलियन (१८९४-१९३९) यांनी फारसी-मराठी कोश केला, खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून आणल्या, आणि पुढे त्याच माणसाने भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन फारसी शब्द काढून टाकायची मोहीम चालवली. आपलं फारसीशी असलेलं नातं हे असं आहे: घरात असते तेव्हा नकोशी, परदेशातून आली की तत्त्वज्ञान.

आणि आता धाराशिवचीच एक गोष्ट, जी आठवली की मला आजही चीड येते. १० ते १२ जानेवारी २०२० ला तिथे ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. साहित्यनगरीला नाव गोरोबाकाकांचं. उद्घाटक ना. धों. महानोर. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी वसईची हिरवाई वाचवण्यासाठी बिल्डर आणि गुंडांच्या विरोधात रस्त्यावर उतरून लढा दिला. म्हणजे बघा, मातीत देव बघणाऱ्या कुंभाराच्या नावाच्या मांडवात, सततच्या दुष्काळाच्या जिल्ह्यात, पाणी अडवणारा कवी आणि झाडं वाचवणारा धर्मगुरू एका व्यासपीठावर. माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावर बोलायला मराठीला याहून चांगली संधी मिळाली नसती. आणि आपण महिनोन्महिने वाद कशावर घातला? अध्यक्षांच्या धर्मावर. ते ख्रिस्ती आहेत यावर! २०२३ मध्ये महानोर गेले, २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. ती चर्चा व्हायची ती राहूनच गेली.

तुम्ही म्हणाल, कवितेला तत्त्वज्ञान म्हटलं काय किंवा मातीचा वास म्हटलं काय, कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. एखाद्याच्या बोलण्याला वास म्हटलं की त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. शेतकऱ्याला पाण्याबद्दल जे कळतं तो त्याचा 'अनुभव', आणि अहवालात छापलं जातं ते 'ज्ञान', ही विभागणी आपण कवितेच्या शेल्फवरच शिकतो. मग दुष्काळी मुलखात ऊस वाढतो, बोअरवेल शेकडो फूट खाली जाते, पाणी म्हणजे उपसायची वस्तू होते, आणि पाणी पुढे कुणाच्या तरी ओठांपर्यंत जाणार आहे हे आपल्याला काशानच्या कवीने सांगावं लागतं. ते आपल्याच ओढ्याच्या वरच्या-खालच्या माणसांना माहीत होतं. आपण त्यांना विचारलं नाही, कारण ते आपल्या मते विचार करणारे नव्हतेच. आणि हे विचारायचं काम सरकारचं, साहित्यिकांचं असं म्हणून आपण सुटत नाही. पुस्तकं विकत घेणारे, ओळी पुढे पाठवणारे, कुणाला शहाणा म्हणायचं ते ठरवणारे आपण आहोत. गावाकडची जमीन आपल्यातल्या कितीतरी जणांच्या सातबाऱ्यावर अजून आहे.

गोरोबाकाकांची दुसरी कथा सगळ्यांना माहीत आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेतलं आणि जमलेल्या संतांची डोकी मडक्यासारखी थापटून बघितली, कोण कच्चं कोण पक्कं. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. माझी मागणी एवढीच आहे की तेच थापटणं दोन्हीकडे सारख्या जोराने चालवा. सेपेहरीला नुसता परदेशी आहे म्हणून सोडू नका, त्याच्या हळव्या जागा शामलूने दाखवल्यात त्या बघा. आणि महानोर, बहिणाबाई, सावता यांनाही आपलेच आहेत म्हणून लाडाने गोंजारू नका. त्यांच्याशी वाद घाला, त्यांच्या म्हणण्यातलं काय पटत नाही ते सांगा, एखाद्या तत्त्वज्ञाशी भांडावं तसं भांडा. तेही कुठेकुठे कच्चे निघतील. चालेल. आधी थापटून तर बघा.